रिकामी सोडायची नाही

४ जानेवारी

मामा,

वाक्याचा अर्थ कळला नाही पण उत्तर बरोबर आलं, तर ते मला आलं म्हणायचं की नाही?

तुझ्या पत्रातला हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. मला याचं उत्तर देता येत नाही. कॉलेजात इंग्रजीच घेतलं होतं, आपल्या घरात पहिली पदवी माझ्या नावापुढे लागली, आता क्लासमध्ये दिवसभर इंग्रजीच शिकवते, तरी येत नाही. क्लास चालवणाऱ्या आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "पेपर तपासणारा काय बघतो? बरोबर की चूक. 'अर्थ कळला का' असा रकाना पाहिलाय कुठे?" मुलं हसली, मीही हसले. पण तुझा प्रश्न काही हसण्यावारी गेला नाही.

असो. आधी परीक्षेचं बघू.

तू पाठवलेला नमुना पेपर पाहिला. सगळा पेपर म्हणजे रिकाम्या जागा भरा. नवीन यंत्राचा पडदा इंग्रजीत आहे म्हणून कंपनीला इंग्रजी वाचणारी माणसं हवीत, हे ठीकच. पण परीक्षा महिनाअखेरीला आणि तुझी शाळा सुटली सातवीनंतर. एवढ्या दिवसांत इंग्रजी येणार नाही, मामा. पण परीक्षा येईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला क्लासमध्ये आल्यावर कळलं.

तर ऐक. पूर्ण वाक्य वाचत बसू नकोस. रिकाम्या जागेच्या डावीकडचे दोन शब्द आणि उजवीकडचे दोन, एवढंच तुझं राज्य. मध्ये 'बट' दिसलं की वाक्य उलटं फिरतं, 'बिकॉज' दिसलं की सरळ पुढे जातं. चार पर्यायांत दोन एकाच अर्थाचे निघाले तर दोघांनाही हाकलून दे. बरोबर उत्तर एकुलतं एक असतं, जुळं नसतं. प्रश्नाखाली बारीक अक्षरांत सूचना असतात, त्यांच्या नादी लागू नकोस, नुसता वेळ खातात. तुझ्या पेपरातली वाक्यं यंत्राची आहेत: दाब, तापमान, झडप. त्यात 'नॉर्मल' हा पर्याय असला तर बहुतेक वेळा तोच बरोबर आहे, मी मोजून पाहिलं.

आणि एक गोष्ट गाठ मारून ठेव. काहीही झालं तरी जागा रिकामी सोडायची नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत. येत नसेल तर नेहमी येतं ते लिही, पण रिकामी सोडू नकोस.

शीतगृहात खोकी उचलून तुझी बोटं कशी झालीत ते मी मागच्या खेपेला पाहिलं. शर्टाचं बटण मामी लावून देत होती आणि तू छताकडे बघत होतास. त्या यंत्रघरातल्या उबदार खुर्चीत तुला बसलेला बघायचं आहे मला.

तुझी भाची


१९ जानेवारी

मास्तरीणबाईंना शीतगृहातून गारगार आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या पाळीत इतकं फिरलं की घड्यांवर फाटलं. आता तुझ्या मामीने त्याला मागून कागद चिकटवून दिलाय. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गार खोलीच्या दारापाशी बसतो, तोंडातून वाफा सोडत, आणि मी शिकवतो. होय, मी! सातवी पास मास्तर! 'डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन' म्हटलं की सगळे एका सुरात म्हणतात, 'एवढंच तुझं राज्य!' मुकादम म्हणाला, भजनी मंडळ काढलंय की काय.

एकटा वकील तेवढा ऐकत नाही. तो काही खरा वकील नाही गं. माझ्याबरोबर खोकी उचलतो, पण प्रत्येक गोष्टीत कायदा काढतो, म्हणून वकील. तो म्हणतो, "आधी अर्थ सांग, मग उत्तर देतो." मी म्हटलं, "अर्थ तुझ्या बायकोला विचार, इथे फक्त उत्तर द्यायचंय." तर म्हणतो, "बायकोलाही मी आधी अर्थच विचारतो, म्हणून तर संसार टिकलाय." आता अशा माणसाला काय शिकवणार! मागच्या पत्रातला तो प्रश्नही त्याचाच होता, मी आपला माझ्या नावावर खपवला.

फोनवर सांगितलं असतं, पण फोन फाटकावर जमा करून घेतात. आणि फोनवरून इंग्रजी शब्द कानात शिरतो तो हातातून उतरत नाही. तू आपली लिहीतच राहा.

मामा


१० फेब्रुवारी

मास्तरीणबाई, पेढा समजून हे पत्र तोंडात टाक!

पास! मी पास, मुकादम पास, पाळीतले सगळे पास. फक्त वकील नापास. अर्थ शोधत बसला आणि अर्धा पेपर कोरा देऊन आला. बाहेर येऊन म्हणतो कसा, "जे कळलं तेवढं लिहिलं." आता उचलतोय खोकी. मला वाईट वाटतं, पण स्वतःच्या पायावर धोंडा मारणाऱ्याला कोण काय करणार?

चार दिवसांपासून मी यंत्रघरात. खुर्ची गोल फिरते. पहिल्या दिवशी इतकी फिरवली की मॅनेजरसाहेबांनी विचारलं, चक्कर आली का. समोर पडदा, पडद्यावर इंग्रजी. मागच्या भिंतीपलीकडे अमोनियाची टाकी, तिच्यावर सगळा गारवा चालतो. पडदा बघायचा, दिवे बघायचे, बस्स.

आणि एक गंमत सांगू? हा पडदा तुझाच विद्यार्थी दिसतो. चालता चालता मध्येच भोंगा वाजवतो, वाक्य अर्धवट सोडतो, एक जागा रिकामी ठेवतो आणि खाली चार पर्याय देतो. अगदी तुझा पेपर! पहिल्यांदा मी घाबरलो. मग म्हटलं, अरे, हे तर आपल्याला येतं. डावीकडे 'प्रेशर इज'. पर्यायांत 'नॉर्मल'. दाबलं. हिरवा दिवा लागला, भोंगा गप्प झाला. मॅनेजरसाहेब मागे उभे होते. म्हणाले, "वा, शिकलेला माणूस!"

शर्टाचं बटण आज मी स्वतः लावलं. तुझी मामी बघत उभी राहिली आणि डोळे पुसत आत गेली.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. बटणाची ओळ मात्र गाळली, ती माझ्याकडेच ठेवली.

इकडे काय झालं ते ऐक. तुमच्या निकालावर सर इतके खूश झाले की क्लासच्या दारावर मोठा फलक लागला. तुमच्या कंपनीची आणखी शीतगृहं आहेत ना, त्या सगळ्यांच्या कामगारांना आता आमचा क्लास शिकवणार, आणि त्या वर्गाची प्रमुख मी! तुम्हा सगळ्यांची प्रमाणपत्रंही कंपनीने क्लासकडूनच मागवली. 'यांना यंत्रावरच्या इंग्रजी सूचना वाचून समजतात' असा मजकूर होता. सर म्हणाले, तूच शिकवलंस, सही तुझीच शोभेल. मी केली. मामा, माझ्या सहीला किंमत आली आहे! मला नेहमी वाटायचं की शिक्षणाने एखाद्याचं ओझं खरंच खाली उतरावं, नुसतं बोलण्यापुरतं नाही. तुझं उतरलं.

पडदा प्रश्न विचारतो ही गंमत कळली नाही. नवीन माणसांच्या सरावासाठी सोय केली असेल बहुतेक. मला ती वाक्यं नव्या वर्गाला नमुना म्हणून वापरता येतील. पुढच्या वेळी भोंगा वाजला की पडद्यावर असेल ते सगळं, वरपासून खालपर्यंत, जसंच्या तसं उतरवून पाठवशील? अर्थाची चिंता नको, चित्र काढल्यासारखं काढ.

वकीलमामांना सांग, पुढच्या परीक्षेला मी त्यांना स्वतः शिकवीन. हवं तर अर्थासकट.

तुझी भाची


८ मार्च

मास्तरीणबाई,

उशीर झाला, राग मानू नकोस. कामाचा रेटा आहे. आवक वाढली, यंत्र दिवसरात्र पळतंय.

सोबतच्या कागदावर पडदा उतरवलाय. अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण एकही सोडलेलं नाही. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, ती मात्र भिंग आणून काढावी लागली. तूच म्हणाली होतीस की खालच्या ओळीच्या नादी लागू नकोस, पण तू 'सगळं' लिहिलं होतंस म्हणून काढली.

आधी भोंगा आठवड्यातून एखाद्या वेळी वाजायचा, आता रोज वाजतो. आम्हाला त्याची सवय झालीय. मुकादम तर पडद्याकडे न बघता 'नॉर्मल' दाबतो. वासही येतो थोडा, नाकात झोंबतो. मॅनेजरसाहेब म्हणाले, शीतगृहात काम करायचं आणि अत्तराचा वास मागायचा का?

वकिलाला तुझा निरोप सांगायचा राहिला. तो रजेवर आहे. गावाला गेलाय.

बाकी ठीक.

मामा


१२ मार्च

मामा,

हे पत्र हातात पडेल तेव्हा उभा असशील तिथून आधी मॅनेजरसाहेबांकडे जा. मग पुढचं वाच.

तो सराव नाही. माझी चूक झाली.

तू उतरवलेल्या कागदाचा अर्थ मी नीट लावला. वर लिहिलंय: टाकीतला दाब मोजणारं साधन बंद आहे. म्हणजे यंत्राला स्वतःला काही दिसत नाही आहे, म्हणून ते माणसाला विचारतंय. मग तुझी ओळ येते, 'प्रेशर इज', पुढे रिकामी जागा आणि चार पर्याय. आणि मुंगीएवढ्या अक्षरांत खाली लिहिलंय: टाकीजवळ जाऊन तबकडीवरचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उत्तर निवडू नये, चुकीचं उत्तर दिल्यास यंत्र दाब वाढवत राहील.

मामा, तुम्ही उत्तर देता ते यंत्र खरं मानतं. त्याला वाटतं, एक माणूस टाकीपाशी जाऊन बघून आला. तिथे गुण देणारं कोणी नाही.

जागा रिकामी सोडायची नाही असं मी लिहिलं होतं. ते खोडून टाक. पाळीतल्या सगळ्यांना सांग, भोंगा वाजला की हात लावू नका, कोणीतरी तबकडी बघून या. ती ओळ सगळ्यांना मराठीत वाचून दाखव. मी खाली मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, भिंतीला लाव.

तुला घरी दोनदा फोन केला. 'कामावर निघालोय, ठेव' म्हणालास. मी रागावले नाही, पण उत्तर लगेच दे. वास कधीपासून येतो तेही लिही.

तुझी भाची


१९ मार्च

पोरी,

तुझं पत्र वाचून मी साहेबांकडे गेलो. खोटं नाही सांगत, गेलो. ते म्हणाले, "इतके दिवस नॉर्मल दाबलं तर काय बिघडलं?" टाकीकडे जायची शिडी गंजून तुटलीय, तबकडीवर बर्फ साचून काच पांढरी झालीय. तिकडे कोण जाणार? आणि भोंगा चालू ठेवला तर यंत्र थांबतं, यंत्र थांबलं तर माल सडतो, माल सडला तर आम्ही घरी.

मग साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला ही सूचना वाचता येत नव्हती का? तसं असेल तर सांगा, प्रमाणपत्र परत करू आणि तुमची जुनी जागा रिकामीच आहे." मी म्हटलं, वाचता येते साहेब.

तुझा कागद मी भिंतीला लावला नाही. खिशात ठेवलाय.

तुला गार खोली माहीत नाही. तिथे बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. थांबतात तेव्हा माणूस खरा घाबरतो. मी परत तिथे जाणार नाही. हात जोडतो, हे आपल्या दोघांत राहू दे. साधन दुरुस्त करणारा माणूस येणार आहे म्हणतात. तू मोठी झालीस, शहाणी झालीस, आता मामाचं एक ऐक. गप्प बस.

मामा


२३ मार्च

चि. बाळ,

तुझी मामी लिहिते आहे. मला पत्राची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. त्यांना माहीत नाही मी लिहिते ते.

वकीलभाऊजी गावाला गेलेले नाहीत. दवाखान्यात आहेत. टाकीच्या मागच्या वाटेने खोक्यांची गाडी ढकलत होते, पाइपाचा जोड सुटला आणि त्या अमोनियाने सगळं पांढरं झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. एक वाचेल म्हणतात, दुसऱ्याचं कोणी बोलत नाही. कंपनीने घरी माणूस पाठवला, तो म्हणाला, त्यांनी त्या वाटेने जायलाच नको होतं. जोड बदलून दुसऱ्या दिवशी काम परत सुरू.

यंत्रघरात त्या वेळी तुझे मामा होते.

मी भेटायला गेले होते. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, त्याला म्हणावं, माझा तुझ्यावर राग नाही. फक्त एकदा ये आणि काय दाबलं होतंस ते सांग. मला अर्थ कळू दे." यांना सांगितलं तर जेवणावरून उठून गेले.

हे हल्ली घरात असे असतात की काय सांगू. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणतात 'नॉर्मल'. आधी मी हसले, वाटलं, चेष्टा करतात. आता अंगावर काटा येतो. बोलता बोलता बोट टेबलावर टेकवतात, दाबतात आणि वाट बघतात. कसली ते मला कळत नाही. झोपेतून उठून मला विचारतात, "रिकामी सोडली तर चालेल का गं?" मी काय सांगू? मी म्हणते, चालेल. तर म्हणतात, "नाही, पोरीने सांगितलंय, सोडायची नाही."

त्यांच्या कपड्यांना आता रोज वास येतो. आधी धुतले की जायचा.

मला इंग्रजी येत नाही, बाळ. पण भोंगा कशाला असतो ते मला कळतं. तू शिकलेली आहेस. काय करायचं ते तू ठरव. आणि ठरवशील ते त्यांना विचारू नकोस, ते नाही म्हणतील.

तुझी मामी


२८ मार्च

मामा,

मामीवर रागावू नकोस. मला कळायलाच हवं होतं, आणि तुझ्याकडून कळायला हवं होतं.

आधी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, तुझा कागद दाखवला, म्हटलं, माझी सही मला परत घ्यायची आहे. त्यांनी दारावरच्या फलकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपण परीक्षेला बसवतो, यंत्रासमोर नाही. पुढचं कंपनी बघेल." मग मी तुमच्या मॅनेजरसाहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामगारांना सूचना समजतात असं लिहून कोणी दिलंय, मॅडम?" आणि माझं नाव मलाच वाचून दाखवलं.

त्या क्षणी मला कळलं, मामा, की त्यांना इंग्रजी येणारी माणसं नकोच होती. इंग्रजी येतं असा कागद हवा होता. तो मी दिला. वकीलमामा तेवढे त्यात बसले नाहीत, म्हणून त्यांना टाकीमागच्या वाटेवर ठेवलं.

तिथून मी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत गेले. लांबलचक खोली, कपाटांवर कपाटं. कारकून भला माणूस होता. त्याने पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकलं. म्हणाला, "बाई, निनावी तक्रार आली की आम्ही ती फायलीला लावतो. नाव असलं तर फाटकावर जातो." अर्जात तक्रार करणाऱ्याचं नाव विचारलं होतं, ते मी लिहिलं. प्रमाणपत्रांवरची सही माझी आहे, ती खोट्या मजकुराखाली आहे आणि मी ती मागे घेते आहे, हेही लिहिलं. सरांच्या नव्या वर्गाची किल्ली मी आधीच त्यांच्या टेबलावर ठेवून आले होते.

त्याखाली आणखी एक ओळ होती. सूचना न समजता यंत्र चालवणाऱ्या कामगाराचं नाव आणि पाळी.

कारकून म्हणाला, "ही सोडली तरी अर्ज घेता येतो. बरेच जण सोडतात. मग मात्र आमचा माणूस जातो तेव्हा सगळे म्हणतात, आम्हाला वाचता येतं साहेब. आणि तो परत येतो."

तुझं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा पेन माझ्या हातात होतं. मला तुझं ते बटण दिसलं. तू माझ्याशी किती वर्षं बोलणार नाहीस याचा मी अंदाज केला आणि तो मला पेलला नाही. तुला गार खोलीत परत पाठवतील, कदाचित तेवढंही ठेवणार नाहीत. हे सगळं माहीत असून बसले होते. आणि तरी कानात मामीची ओळ वाजत होती, बोट दाबतात आणि वाट बघतात.

वकीलमामांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नव्हतं, आता देता येतं. वाक्य कळलं नसेल तर उत्तर आपलं नसतं. ते बरोबर आलं तरी नसतं. त्यांना भेटायला जाशील तेव्हा सांग. आणि जा, मामा.

कालपासून तुझा फोन लागत नाही. मामीचाही लागत नाही. फाटकावर फोन केला तर घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही. म्हणून हे लिहिते आहे आणि पत्र टाकून सरळ गाडी पकडणार आहे. पत्र आधी पोचेल की मी, ते सांगता येत नाही. निरीक्षक आज सकाळीच तिकडे निघाले असं कचेरीतून कळलं.

त्या ओळीवर मी तुझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे तुझी पाळी लिहिली. अर्ज काल दुपारी दिला.

तुझी भाची